बुलडॉगाचा रंग आणि जातीचा कागद



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतन, ठेकेदारी किंवा सुरक्षारक्षकांचे मंडळ यांपैकी एखाद्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही मात्र विषय कळवला तो 'बुलडॉगी कुत्र्यांचे मूळ आणि त्यांचे रंग'. दुसऱ्याच दिवशी चालकांचा फोन आला. लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी फार सभ्यपणे विचारले. चूक झालेली नव्हती. या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या एका सभासदाच्या घरातील पिलाने आम्हांला तिकडे ओढले. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे ते ध्यानात येईल.

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहणारे आमचे एक सभासद येथे मुलुंडमध्ये एका मनोऱ्यावर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. त्यांचा मुलगा दुचाकीवरून घरोघर पार्सले पोचवतो. त्याच्या मनात भरले की आपल्याकडेही एक 'बुली' हवा. रुंद छाती, मोठे डोके, आखूड तोंड असा. फोनवर चित्रे पाहून त्याने पिलू ठरवले. विकणारा म्हणाला, "साधा मर्ल ठेवायचा तर कोणीही ठेवतो. हा डबल मर्ल आहे. डबल दुर्मिळ, म्हणून डबल किंमत." पोराने पतपेढीचे कर्ज काढून पस्तीस हजार रुपये मोजले आणि एक पांढरेशुभ्र पिलू घरी आणले. अंगावर कोठे कोठे शिशाच्या रंगाचे डाग, डोळे काचेसारखे निळे. साऱ्या वस्तीने येऊन पाहिले.

आठ दिवसांनी सभासद आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, "भाऊ, पोरगं म्हणतंय पिलू शांत आहे. पण कुकरची शिट्टी झाली तरी ते झोपेतून उठत नाही. शेजारी लग्नाचा बँड वाजला, तरी कान हलला नाही. मला काही हे बरं दिसत नाही." जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पिलू दोन्ही कानांनी ठार बहिरे आहे. आमच्या सभासदाने विचारले, "आजारी पडलं का हे?" डॉक्टर म्हणाले, "नाही. हे बहिरेपण त्याच्या रंगातच आहे."

'बहिरेपण रंगातच आहे' या तीन शब्दांनी आम्हांला वाचायला लावले. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यानंतरचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कपाटातील पुस्तकांवर. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. हिशेब तपासणारा जसा वहीतील रकमा लावून पाहतो, तसे आम्ही लावून पाहिले, आणि जे जुळले तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

आपल्या गावाकडे कुत्र्याचे नाव बहुधा त्याच्या रंगावरून ठेवतात. पांढरा तो मोत्या, तांबडा तो लाल्या, काळा तो काळ्या, दोन रंगांचा तो बांड्या, आणि अंगावर वाघासारखे पट्टे असले तर वाघ्या. या नावांत कोणाची किंमत ठरवलेली नाही. लाल्यापेक्षा वाघ्या महाग, असे आमच्या आजीने कधी म्हटले नाही. नाव ओळखीपुरते होते. शेत राखतो की नाही आणि पोराबाळांना चावत तर नाही ना, एवढ्यावर कुत्र्याची पारख होई.

आता हे सारे रंग येतात कोठून? कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच. एक काळे, दुसरे तांबूस-पिवळे. जगातील एकूण एक कुत्र्याचा रंग या दोन द्रव्यांच्या कमीजास्त प्रमाणातून, किंवा त्यांच्या अभावातून, तयार होतो. हे प्रमाण ठरवण्याचे काम जनुके करतात. आम्ही आमच्या सभासदांना ते असे समजावतो. प्रत्येक बाबतीत पिलाला दोन चिठ्ठ्या मिळतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. काही चिठ्ठ्या अशा की एकच मिळाली तरी तिचा हुकूम चालतो. काही चिठ्ठ्या दबून राहतात. दोन्ही बाजूंनी तीच मिळाली तरच त्यांचे चालते.

बुलडॉगी कुत्र्यांत हरणासारखा फिकट तांबूस रंग नेहमी दिसतो. पट्टेरी रंग, म्हणजे आपला वाघ्या, हा त्याच तांबूस रंगावर काळ्या रेघा ओढणाऱ्या चिठ्ठीने होतो, आणि ती एकच पुरते. म्हणून दोन पट्टेरी कुत्र्यांच्या पोटी साधे तांबूस पिलू येऊ शकते. पण दोन तांबूस कुत्र्यांच्या पोटी पट्टेरी पिलू आले, तर समजावे की बाप कोणी वेगळा आहे. बाजारात ज्याला 'ब्लू' म्हणतात तो निळा नसतोच. काळे द्रव्य केसांत नीट न पसरता गोळ्या-गोळ्यांनी साचते, त्यामुळे काळा रंग शिशासारखा करडा दिसतो. ही दबून राहणारी चिठ्ठी आहे. दोन काळ्याभोर कुत्र्यांकडे ती लपलेली असली, तर त्यांच्या पोटी अवचित करडे पिलू येते आणि लोकांना चमत्कार वाटतो. काळ्याचा तपकिरी करणारी दुसरी एक चिठ्ठी आहे, तीही दबून राहणारी. ही दोन्ही प्रकारची जोडपी एकाच कुत्र्यात आली, म्हणजे जो फिकट राखी-जांभळट रंग दिसतो, त्याला व्यापारी 'लायलॅक' म्हणतात आणि त्याची सर्वांत चढी किंमत सांगतात.

येथे 'दुर्मिळ' या शब्दाचा हिशेब करून पाहा. दबलेली चिठ्ठी अवचित जुळून येते तोपर्यंत तो रंग दुर्मिळ असतो हे खरे. पण एकदा दोन करडी कुत्री एकत्र आणली, की पुढचे सारे वेतच्या वेत करडे निघते. म्हणजे दुर्मिळता दोन पिढ्यांत संपते. उरतो तो फक्त चढा भाव. तो टिकवण्यासाठी विकणारा त्याच घरातील बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जनावरे एकत्र आणतो, आणि रंगाबरोबर लपलेले रोगही जुळून येतात. करड्या रंगाच्या कित्येक कुत्र्यांचे केस वर्ष-दोन वर्षांत पाठीवरून गळू लागतात व कातडी उघडी पडते. पिलू घेताना हे कोणी सांगत नाही.

आता मुळाकडे वळू. बुलडॉग हे नाव जातीचे नव्हते, कामाचे होते. इंग्लंडात खुंटाला बांधलेल्या वळूवर कुत्री सोडण्याचा एक क्रूर खेळ कित्येक शतके चालत होता. वळूचे नाक धरून लोंबकळेल तो बुलडॉग. त्याचा रंग कोणी विचारत नसे. १८३५ साली तेथील पार्लमेंटने कायदा करून हा खेळ बंद केला. खेळ गेला, म्हणजे कुत्र्याचे काम गेले. कारखाना बंद झाल्यावर कामगाराचे जे होते ते या मुलुंड-भांडुप भागात कोणाला सांगायला नको. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे भोंगे बंद झाले आणि फिटर-टर्नर माणसे रखवालदाराच्या खुर्चीवर बसली. बुलडॉगाचेही तसेच झाले. तो नव्या नव्या कामांना लावला गेला, आणि प्रत्येक कामासाठी त्याचा दुसऱ्या कुत्र्याशी संकर केला गेला.

पहिला संकर टेरियरशी झाला. वळूंचा खेळ उघडपणे बंद झाल्यावर गुपचूप चालणाऱ्या झुंजींसाठी लहान, चपळ आणि चिवट कुत्रा हवा होता. त्या मिश्रणातून स्टॅफर्डशरची कुत्री आली, आणि अमेरिकेत गेलेल्या शाखेतून पिटबुल. १८६० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स नावाच्या व्यापाऱ्याने त्यातूनच पांढराशुभ्र बुल टेरियर काढला. तो सभ्य गृहस्थांच्या हातात शोभावा म्हणून पांढरा. पुढे त्या पांढऱ्या कुत्र्यांत बहिरेपणा फार दिसू लागला, तेव्हा पट्टेरी स्टॅफर्डशरचे रक्त पुन्हा आत घ्यावे लागले.

दुसरा संकर मॅस्टिफशी. इंग्लंडातील जमीनदारांची राखीव राने असत आणि त्यांतील ससे-हरणे मारणे हा सामान्य माणसाला मोठा गुन्हा होता. भुकेपोटी रात्री रानात शिरणाऱ्या माणसाला पकडण्यासाठी रानराख्यांना असा कुत्रा हवा होता, की जो भुंकणार नाही, माणसाला खाली पाडून धरून ठेवील, पण फाडणार नाही. सुमारे साठ टक्के मॅस्टिफ आणि चाळीस टक्के बुलडॉग अशा मिश्रणातून बुलमॅस्टिफ झाला. १९२४ साली केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. रानराख्यांची पसंती गडद पट्टेरी रंगाला होती, कारण अंधारात तो दिसत नाही. आमच्या रखवालदार सभासदांना हे सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, "भाऊ, म्हणजे राखणारा गरीब, चोरणारा गरीब, आणि मधला कुत्राही नोकरच!" यापेक्षा नेमके आम्हांला सांगता येणार नाही. तो रंग मालकाच्या गरजेचा होता.

तिसरी गोष्ट फ्रेंच बुलडॉगाची. आज मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-लोखंडवालापासून बोरिवलीपर्यंत, श्रीमंतांच्या सोबत जो वटवाघळासारख्या कानांचा ठेंगू कुत्रा दिसतो, तो मूळचा कामगारांचा. इंग्लंडात नॉटिंगहॅम भागातील लेस विणणारे कारागीर लहान आकाराचे बुलडॉग पाळत. यंत्रे आली आणि हातांचे काम गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील बरेच जण पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडून उत्तर फ्रान्समध्ये गेले आणि जाताना आपली कुत्री बरोबर घेऊन गेले. तेथल्या स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर झाला. पॅरिसचे खाटीक, दुकानदार आणि कॅफेवाले यांच्यात तो प्रथम लोकप्रिय झाला. उच्चभ्रूंनी तो मागाहून उचलला. रत्नागिरीहून वा साताऱ्याहून गिरणीत आलेल्या माणसाने पेटीबरोबर जे जे आणले, त्याची आठवण आम्हांला हे वाचताना झाली.

चौथा बॉक्सर. जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी बुलनबायसर नावाची तांबूस आणि पट्टेरी कुत्री होती. त्यांचा इंग्लिश बुलडॉगाशी संकर करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये बॉक्सर जात बांधली गेली; तिचा पहिला क्लब १८९५ सालचा. बुलडॉगाबरोबर पांढऱ्या रंगाची चिठ्ठीही आली. ही चिठ्ठी एक असली, तर तांबूस अंगावर पांढरी छाती आणि पायांत पांढरे मोजे असा देखणा कुत्रा होतो. प्रदर्शनात बक्षीस त्यालाच. पण असे दोन देखणे एकत्र आणले, तर सरासरीने चार पिलांत एक पिलू जवळजवळ पूर्ण पांढरे निघते. ते मात्र नियमाबाहेरचे. कित्येक वर्षे अशी पांढरी पिले जन्मताच मारून टाकण्याची चाल होती. म्हणजे पांढरे मोजे हवेत हा हट्ट मालकांचा, आणि त्या हट्टातून जे हिशेबाने जन्मणारच, त्याची शिक्षा पिलाला.

पाचवा आमच्या सभासदाच्या मुलाला भुलवणारा, अमेरिकन बुली. पिटबुलाच्या वंशात निरनिराळ्या बुलडॉगांचे रक्त मिसळून १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेत तो तयार झाला. युनायटेड केनेल क्लबने त्याला २०१३ साली मान्यता दिली. म्हणजे ज्याला लोक 'प्युअर' म्हणतात, ती जात आमच्या कित्येक सभासदांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याहून वयाने लहान आहे.

या पाच हकीकतींचा अर्थ एकच. बुलडॉगाच्या कुळात 'शुद्ध' असे काही नाही. प्रत्येक जात हा संकर आहे. फक्त एका ठराविक दिवशी कोणीतरी नोंदवही उघडली, त्या दिवशी दारात होते त्यांची नावे लिहिली, आणि वही बंद केली. इंग्लंडातील केनेल क्लब १८७३ सालचा. त्याआधीही कुत्री होतीच, पण कागद नव्हता. वहीत नियम लिहिले गेले ते चव आणि फॅशन पाहून. इंग्लिश बुलडॉगाच्या नियमांत काळा रंग नापसंत ठरला. काळ्या बुलडॉगाचे नाक कमी चालते किंवा पाय अधू असतात, असे काही नव्हते. लिहिणाऱ्यांना तो आवडला नाही, एवढेच.

आता त्या बहिऱ्या पिलाकडे परत येऊ. मर्ल म्हणजे अंगावर फाटक्या ढगांसारखे फिकट डाग. बुलडॉगी कुत्र्यांच्या जुन्या वंशांत हा रंग नव्हता. तो अलीकडे बाहेरच्या कुत्र्यांशी संकर करून आणला गेला. संकराला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या हिशेबाला. मर्लची एक चिठ्ठी मिळाली तर डाग पडतात. दोन मिळाल्या तर रंग बनवणाऱ्या पेशीच बहुतेक जागी नाहीशा होतात. या पेशींचे काम केसांपुरते नाही. कानाच्या आतल्या भागातही त्या असाव्या लागतात. तेथे त्या नसल्या तर ऐकण्याचे सूक्ष्म तंतू जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरून जातात. डोळ्यांची वाढही पुष्कळदा बिघडते. पांढऱ्या बुल टेरियरचे आणि पांढऱ्या बॉक्सरचे बहिरेपण याच जातीचे. चिठ्ठी वेगळी, परिणाम तोच.

मग असे पिलू कोणी मुद्दाम का काढतो? कारण मर्ल आणि साधा एकत्र आणला तर निम्मी पिले मर्ल होतात. मर्ल आणि मर्ल एकत्र आणले तर चारांतील तीन पिले विकाऊ रंगाची होतात. त्या तिनांतील एक डबल मर्ल, म्हणजे बहुधा बहिरे किंवा अधू. विक्रेत्याचा नफा वाढतो, आणि त्याने बिघडवलेला मालही तो 'डबल दुर्मिळ' म्हणून दुप्पट भावाने खपवतो. कारखान्यात नापास झालेला माल मालकाने कामगाराच्याच गळ्यात बांधावा, तशातला हा प्रकार. पस्तीस हजारांचे कर्ज पोर दर महिन्याला फेडतो आहे. त्यात त्याच्या कित्येक दिवसांचे पेट्रोल गेले.

रंगाइतकीच गोष्ट आकाराची. आखूड तोंडाच्या कुत्र्याला श्वास घेणे जड जाते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो. ज्याची श्वासाची नळीच दाबलेली, त्याने मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय करावे? इंग्लिश बुलडॉगाची तर अशी अवस्था, की पिलांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद. २०१० साली इंग्लंडातून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाचांतील चारांहून अधिक वेतांना पोट फाडून पिले काढावी लागल्याचे दिसले. वळूचे नाक धरणारा कुत्रा आज डॉक्टरवाचून जन्मूही शकत नाही. एवढी किंमत कागदावरील शुद्धतेने वसूल केली.

कोणी म्हणेल, शुद्धता गेली तर जात बुडेल. यावर एक सुंदर प्रयोग सांगतो. इंग्लंडातील ब्रूस कॅटनॅक नावाच्या जनुकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात बॉक्सरचा संकर चक्क कॉर्गी नावाच्या आखूड पायांच्या कुत्र्याशी केला. हेतू हा की जन्मतःच आखूड शेपटीचा बॉक्सर मिळावा आणि शेपूट कापण्याची चाल थांबावी. प्रत्येक पिढीत पुन्हा बॉक्सरशी जोड देत गेल्यावर चार पिढ्यांतच अशी कुत्री निघाली की ती बॉक्सरच दिसत, आणि केनेल क्लबनेही त्यांची नोंद बॉक्सर म्हणून केली. जातीची तटबंदी म्हणतात ती चार पिढ्यांच्या रुंदीची.

स्वभावाचेही तसेच. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा का, याचे उत्तर जातीवरून जेमतेम नऊ टक्के मिळते, असे तिच्यात आढळले. बाकीचे उत्तर त्या त्या कुत्र्याच्या जडणघडणीत, त्याला मिळालेल्या वागणुकीत आणि इतर कारणांत शोधावे लागते.

आपल्या भाषेत कुत्र्याच्या जातीला आणि माणसाच्या जातीला शब्द एकच आहे. म्हणून येथे जपून बोलले पाहिजे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण लिहिले. मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे ते झाले नाही आणि पुस्तकरूपाने बाहेर आले. जात म्हणजे रक्ताची वा वंशाची विभागणी नव्हे, आणि जातीने प्रजा सुधारते हे म्हणणे निराधार आहे, हे त्यात त्यांनी दाखवून दिले. माणसांत तर अशा जाती नाहीतच. पण आम्हांला नवल याचे वाटले, की ज्या कुत्र्यांचा दाखला देऊन लोक शुद्ध रक्ताच्या गप्पा मारतात, त्या कुत्र्यांतही शुद्ध रक्त सापडत नाही. सापडतो तो कागद, आणि कागद ज्याच्या कपाटात त्याचा भाव.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर आम्ही अप्रामाणिक ठरू. जातीने स्वभाव ठरत नाही म्हणून असा कुत्रा निरुपद्रवी होत नाही. ज्याच्या जबड्यात आणि छातीत एवढे बळ आहे, त्याचा एक चावा गल्लीतल्या मोत्याच्या चाव्यापेक्षा फार महाग पडतो. २०२५ च्या जुलैत मानखुर्दला एका रिक्षात बसलेल्या लहान मुलाला पिटबुल म्हणून पाळलेला कुत्रा चावला, आणि त्या वेळी मालक हसत असल्याचे चित्रण साऱ्या शहराने पाहिले. तेथे दोष कुत्र्याचा किती आणि हसणाऱ्याचा किती, ते ऐकणाऱ्यांनीच ठरवावे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने एका परिपत्रकाने तेवीस जाती आणि त्यांचे संकर यांची विक्री व पैदास थांबवण्यास राज्यांना सांगितले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी ते रद्द केले. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र मोठ्या आकाराचा 'एक्सएल बुली' १ फेब्रुवारी २०२४ पासून परवान्याच्या सवलतीशिवाय पाळता येत नाही. आमचे मत असे, की यादीत नाव घालण्याआधी मालकाच्या हातातील दोरी पाहावी.

आणि ती दोरी आज पुष्कळदा मालकाच्या हातात नसते. ती रखवालदाराच्या हातात असते. साहेब बाहेर जातात, मेमसाहेब फोनवर असतात, आणि "जरा याला खाली फिरवून आण" असा हुकूम सुटतो. चावला तर औषधपाणी कोणाचे, याचा उल्लेख कोठल्याच कागदावर नसतो. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे. पण कुत्रा फिरवणे हे रक्षकाचे काम नव्हे, हे कोणी सांगायचे? आमच्या युनियनने आता हे कलम मागणीपत्रात घातले आहे. सोसायटीच्या सभेला बसणारे जे आपणांपैकी असतील, त्यांनी ते आपणहून मान्य करावे, एवढी आमची विनंती.

ज्या तरुणांना कुत्रा पाळायचाच आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. रंगाला पैसे देऊ नका. आई-बाप दोन्ही पाहिल्याशिवाय पिलू उचलू नका. दोन्ही मर्ल असले तर तेथून निघा. पिलू झोपले असता त्याच्या मागे, त्याला वारा वा धक्का लागणार नाही अशा अंतरावर, टाळी वाजवा. पाच आठवड्यांच्या पिलाला ती ऐकू आलीच पाहिजे. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ती पावती मागा. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना चुकवू नका. आणि एवढे करूनही कुत्राच हवा असेल, तर आपल्या गल्लीतील वाघ्या-बांड्याकडे एकदा पाहा. त्याच्या कुळाची वही कोणी बंद केलेली नाही, म्हणूनच त्याचे नाक, पाय आणि कान शाबूत आहेत.

ते पिलू आता मोठे झाले आहे. विकणाऱ्याने फोन उचलणे केव्हाच बंद केले. कोणी सुचवले की त्याला कोठेतरी आरे कॉलनीत सोडून द्यावे. आमचे सभासद म्हणाले, "त्याला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, बिबट्याची चाहूल लागत नाही. सोडायचं म्हणजे मारायचंच." त्यांनी त्याला हाताच्या खुणा शिकवल्या. तळहात खाली केला की बसतो. मूठ उघडली की येतो. रात्री ते आपला ड्यूटीचा टॉर्च दोनदा उघड-मीट करतात, की घराच्या दुसऱ्या टोकावरून तो उठून येतो. परवा आम्ही गेलो असता पोराने विचारले, "काका, मी फसलो ना?" आम्ही म्हणालो, "पैशाला फसलास. कुत्र्याला फसला नाहीस." त्याने त्याचे जुने इंग्रजी नाव टाकून दिले आहे. हाक तर त्याला ऐकू येत नाही, तरी घरात आता सारे त्याला मोत्याच म्हणतात.